काठीखालचा दहावा

उमाशंकर मास्तरांचं नाव ऐकून नवा माणूस त्यांना सोमवारच्या उपासाबद्दल विचारायचा, आणि मास्तर त्याला रविवारच्या उपासनेला यायचं आमंत्रण द्यायचे. पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातली नावं बदलायची राहून गेली, ती राहिलीच. बायको भवानीबाई माहेरची धारची. तिचे पूर्वज दरबारात चाकरीला होते. पणजीचं दुखणं मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी बरं केलं आणि अख्खं घर ख्रिस्ती झालं, नावं मात्र दरबारीच राहिली. "उमाशंकर आणि भवानी," देवासच्या मंडळीतली म्हातारी अक्का म्हणायची, "आमच्या चर्चमधलं सगळ्यात पक्कं ख्रिस्ती जोडपं. कागदावर वाचलं तर टेकरीवरच्या देवीच्या देवळाचे ट्रस्टी वाटतात!"

पक्के तर मास्तर होतेच. डही गावच्या सरकारी शाळेत त्यांनी सगळी नोकरी गणित शिकवण्यात घालवली होती आणि त्यांच्या भक्तीलाही गणिताचाच वास होता. जे काही हाती येईल त्याचा दहावा भाग देवाचा. पेन्शनचा दशांश काय, कोणीही देईल. मास्तर अंगणातल्या पेरूंचा देत, कोंबडीच्या अंड्यांचा देत, शेजाऱ्यांनी दिवाळीला पाठवलेल्या करंज्यांचा देत. दहा करंज्या आल्या तर दहावी चर्चच्या पाळकसाहेबांकडे रवाना. नऊच आल्या तर मास्तरांचा चेहरा उतरे, कारण नवांचा दशांश काढायला गेलं की करंजी फुटते आणि सारण सांडतं. असा माणूस घरात असला की बायकोने करावं काय? भवानीबाई शेजारणींना आधीच सांगून ठेवी, "बाई, पाठवायच्या तर दहा पाठवा, नाही तर पाठवूच नका."

"देव विश्वासू आहे," हे मास्तरांचं पालुपद. गॅसचा सिलिंडर वेळेवर आला, देव विश्वासू आहे. नाही आला, तरी आहे. "तो त्याचं वचन पाळतो, आपण आपला दहावा पाळावा. व्यवहार सरळ आहे." व्यवहार सरळ होता खरा. मास्तर किती सरळ होते, ते पुढे येईलच.

डहीचा एक जुना विद्यार्थी पाचेक वर्षांपूर्वी त्यांना भेटायला आला तो मोटरसायकलवर पुढ्यात शेळी घालून. "सर, आपके कारण पास हुआ था," म्हणाला, आणि शेळी सोडून गेला. एका शेळीचा दशांश कसा काढावा या विवंचनेत मास्तरांचे दोन दिवस गेले. शेवटी ठरलं की तिला होणाऱ्या पिल्लांतलं दहावं देवाचं. तेव्हा दहावं फार लांब होतं, म्हणून भवानीबाईनेही हरकत घेतली नाही. पिल्लं होत गेली, कधी एक, कधी दोन; काही विकली, काही कोणाकोणाला दिली. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर मास्तरांच्या पेन्सिलीच्या रेघा वाढत गेल्या.

दहावं यंदाच्या पावसाळ्यात झालं. एवढंसं करडू, अशक्त, आणि शेळी त्याला जवळ घेईना. भवानीबाईने बाटलीने दूध पाजलं, स्वयंपाकघरात ओट्याखाली गोणपाटावर निजवलं आणि नाव ठेवलं चिंटू. महिन्याभरात चिंटू घरभर हुंदडायला लागला. ती भाजी निवडायला बसली की तो ताटात, ती प्रार्थनेला बसली की तो मांडीत. नातवंडं दूर हैदराबादला, फोनवर "दादी, कैसी हो" एवढं विचारून मोबाइल आईकडे देणारी. चिंटू मात्र आपल्याशी मराठीत बोलतो, असा भवानीबाईचा दावा होता.

सप्टेंबरच्या अखेरीस मास्तरांनी कॅलेंडर उलटं केलं, रेघा मोजल्या आणि जाहीर केलं, "हा दहावा. हंगामाच्या सणाला हा देवाचा."

हंगामाचा सण म्हणजे नोव्हेंबरातला उपकारस्तुतीचा रविवार. त्या दिवशी जो तो आपल्या घरचं, शेतातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो: भोपळे, लसणाच्या जुड्या, सोयाबीनचं पोतं, लोणच्याची बरणी, एखादी कोंबडी. उपासना झाली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो. पन्नासाचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा हसतो, न घेणारे जास्त हसतात, आणि जमलेला पैसा मंडळी एखाद्या कामाला लावते. यंदा तो चर्चचा चौकीदार खंडोजी याच्या मुलीच्या, स्वप्नालीच्या, नर्सिंगच्या फीला जायचा होता.

"अहो, चिंटूऐवजी पैसे द्या ना," भवानीबाई म्हणाली. "दुप्पट द्या."

"मोशेचं नियमशास्त्र काय सांगतं?" मास्तरांनी कोपऱ्यातली काठी उचलली, जणू वर्गच भरला होता. "कळप काठीखालून जाताना दहावा जो येईल तो परमेश्वराचा. चांगला की वाईट, बघायचं नाही. बदलायचा नाही. बदललाच, तर तोही देवाचा आणि बदली दिलेलाही देवाचा. धान्य, फळं सोडवून घेता येतात, वर पाचवा हिस्सा भरून. जनावर नाही म्हणजे नाही."

"येशूने कुठे मोजली होती हो मेंढरं?"

"हरवलेलं एक शोधायला गेला, म्हणजे आधी मोजलीच असणार."

यावर भवानीबाई गप्प झाली. ती भांडायची तेव्हा मास्तरांना बरं वाटायचं. गप्प झाली की घर अळणी व्हायचं, आणि खरोखरच आमटीत मीठ नसायचं.

आता एक आतली गोष्ट. चिंटूने मास्तरांनाही सोडलं नव्हतं. सकाळी ते अंगणात पेपर वाचत बसले की तो येऊन त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकायचा. मास्तर इकडेतिकडे बघत, भवानीबाई आत आहे याची खात्री करून घेत, आणि त्याच्या कानामागे खाजवत. एकदा त्याने दशांशाची पावती खाल्ली. सगळ्या नोकरीत ज्यांनी एका पोराचा "सर, वही बकरीने खाल्ली" हा बहाणा चालवून घेतला नव्हता, ते मास्तर त्या दिवशी म्हणाले, "असू दे रे. दुसरी मागून आणतो."

तरी नियम तो नियम. मास्तर ढळले नसते. पण सणाच्या आठ दिवस आधी बाजारात विक्रमसिंह भेटला. भोपाळ रोडवर, सोनकच्छच्या अलीकडे, याचा ढाबा. हा ख्रिस्ती नव्हे, पण अक्का नर्स होती तेव्हा तिने याच्या आईला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. तेव्हापासून तो दर हंगामाच्या सणाला यायचा आणि दोन हातांनी खरेदी करून जायचा. मनाने सोन्यासारखा माणूस, आणि मटणही तसंच करायचा.

"काकासाब!" त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला. "सुना है इस बार आपके घर से बकरा आ रहा है? सोमवार को साले की सगाई है अपने यहाँ. बस, वो मेरा. आपके हाथ का पला हुआ, स्वाद ही अलग होगा!"

मास्तर हसले. घरी येऊन त्यांनी चहा घेतला नाही, जेवण घेतलं नाही, आणि चिंटू जवळ आला तर त्याच्याकडे बघवेना. दहावा देवाला द्यायचा हे ते नेहमी म्हणत. देवानंतर तो कोणाच्या ताटात जातो, हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. आता एकच विचार राहिला. चिंटूला वाचवायचं. पण कसं? सोडवून घ्यायचं नाही असं ज्यांनी काठी हातात धरून सांगितलं, त्यांनीच चारचौघांत बोली लावायची?

आणि लावायची तर पैसे होते, हीच तर खरी अडचण होती. आता मास्तर किती सरळ होते ते ऐका.

नोकरीत असताना एकदा पगाराच्या थकबाकीचे अठरा हजार त्यांच्या हाती आले. त्यांचा दशांश काढायचा राहिला. राहिला म्हणजे, उद्या काढू, परवा काढू करत राहिला. देव विश्वासू आहेच, पण अडीनडीला त्याला यायला जरा उशीर झाला तर? म्हणून मास्तरांनी ती गड्डी फळ्यावर आकृत्या काढायच्या मोठ्या लाकडी कंपासपेटीत घातली आणि पेटी देवासच्या घरी ट्रंकेच्या तळाशी. बायकोला सांगितलं नाही. देवालाही कळलं नसावं अशा बेताने वागले.

दोन हजार सोळा साली मास्तर निवृत्त होऊन देवासला आले आणि ऑक्टोबरात दहावा पेरू काढायला झाडावर चढले. पेरू हाती आला, मास्तर खाली आले, खुब्याचं हाड मोडलं. इंदूरला ऑपरेशन, मग धारला मेहुण्याच्या घरी जानेवारीपर्यंत पलंगावर. तिथे पडल्या पडल्या नोव्हेंबरात टीव्हीवर ऐकलं, पाचशे-हजारच्या जुन्या नोटा बंद. गड्डी सगळी पाचशेची! सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर अठरा हजार जातात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मास्तरांनी अब्रू धरली. तीस डिसेंबरला मुदत संपली तेव्हा त्यांनी डोळे मिटून त्या छत्तीस नोटांना मनातल्या मनात रीतसर माती दिली.

जानेवारीत कुबडी टेकत घरी आले, आणि एकटे असताना, नुसतं शेवटचं दर्शन घ्यावं म्हणून, पेटी उघडली. आत छत्तीस नोटा होत्या. नव्या, कोऱ्या, पिवळ्या दोऱ्याने बांधलेल्या.

अशा वेळी गणिताचा मास्तर काय करतो? पडताळा घेतो. मास्तरांनी घेतला नाही. पडताळा घ्यायचा तर कोणाला तरी विचारायला हवं, आणि विचारायचं तर आधी सांगायला हवं. त्यांनी दुखऱ्या खुब्यानिशी गुडघे टेकले आणि लहान मुलासारखे रडले. देवाने त्यांच्यासाठी चमत्कार केला होता, तोही दशांश बुडवलेल्या पैशावर. पिवळा दोराही त्यांनी देवदूताच्याच नावावर टाकला. आयुष्यातला सगळ्यात मोठा अनुभव, आणि मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची सोय नाही! तेव्हापासून "देव विश्वासू आहे" म्हणताना ते आधी घसा खाकरत. लोकांना वाटे, मास्तरांना सर्दी आहे.

ती गड्डी घेऊन मास्तर खंडोजीकडे गेले.

"खंडोजी, चिंटूवर तू बोली लाव. अठरा हजारांपर्यंत थांबायचं नाही. माझं नाव कुठे यायला नको."

"सरजी, बकऱ्याला अठरा हजार? तब्येत ठीक आहे ना तुमची?"

"तू लाव रे."

"पर सरजी, तुमचाच बकरा, तुम्हीच देऊन राहिले, आणि तुम्हीच घेऊन राहिले..."

"म्हणूनच तर नाव यायला नको!"

घाईत मास्तर एक गोष्ट विसरले. लिलावाचा पैसा खंडोजीच्याच मुलीच्या फीला जाणार होता. खंडोजी चोर नव्हता, पण बाप होता. बोली चढताना त्याचा हात अडखळेल, असं समजायचं काही कारण नव्हतं.

सणाच्या दिवशी पाळक अजेय छान बोलले. तरुण माणूस, शाळा सगळी हिंदीत झालेली. मराठी वाचताना जरा ठेचाळायचे आणि हिंदीत शिरले की सुसाट सुटायचे. देवाने हातात दिलेलं मुठीत धरून ठेवायला नाही, कामाला लावायला दिलंय, असं ते म्हणाले. मास्तरांनी मान डोलावली. लक्ष सगळं खिडकीबाहेर, टेबलाच्या पायाला बांधलेल्या चिंटूकडे होतं. भवानीबाईने त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती आणि तो ती खात होता.

लिलाव सुरू झाला. जुन्या रीतीप्रमाणे पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. भोपळे गेले, लसूण गेला, एका कोंबडीवरून दोन साडूंची जुंपली. मास्तर मागे कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले.

"अब ये अपना चिंटू!" पाळकांनी दोरी हातात घेतली. "बोलिए!"

"चार हजार!" विक्रमसिंह.

"साडेचार," खंडोजी म्हणाला. सगळ्यांनी वळून बघितलं. खंडोजी चर्चमध्ये अर्पण देतानाही सुटे मागणारा माणूस.

"पाच," बायकांच्या बाजूने आवाज आला. अक्का! शहाऐंशी वर्षांची, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, छत्री वर केलेली.

विक्रमसिंहने सहा केले, खंडोजीने सात, अक्काने साडेसात, आणि खंडोजीने आठ म्हटल्यावर विक्रमसिंहने हात जोडले. "भिया, इतने में तो पूरी सगाई निपट जाए! पनीर खिला दूँगा." मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला, तोच छत्री पुन्हा वर गेली.

"नऊ!"

"दहा!" खंडोजी.

"अकरा!"

मास्तर अस्वस्थ झाले. या म्हातारीला बोकड कशाला हवा? हिला दात नाहीत! नक्कीच इंदूरच्या कोणा डॉक्टराने नाताळच्या मेजवानीसाठी हिला पुढे केलं असणार. आयुष्यभर रुग्णांची सेवा केली, आणि म्हातारपणी ही दलाली! बारा झाले, तेरा झाले. मंडळी आता हसायची थांबली होती. खंडोजी मात्र रंगात आला होता. प्रत्येक आकड्याला तो बाजूला उभ्या स्वप्नालीकडे बघत होता, आणि ती ओढणीत तोंड लपवत होती.

"अठरा हजार," खंडोजी म्हणाला.

"साडेअठरा," अक्का म्हणाली.

खंडोजीने सरळ कडुनिंबाकडे बघितलं. मास्तर बुंध्याच्या मागे सरकले.

"साडे अठारह हज़ार, एक... साडे अठारह हज़ार, दो..."

चिंटू मास्तरांकडे तोंड करून ओरडला. बहुधा त्याला तहान लागली होती, पण मास्तरांना ते तसं ऐकू आलं नाही. काठी, नियमशास्त्र, पाचवा हिस्सा, अब्रू, सगळं त्या एका आवाजात वाहून गेलं, आणि आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत ते बुंध्याच्या पुढे आले.

"वीस हजार!"

"एकवीस!"

हा दुसरा आवाज अक्काचा नव्हता. बायकांच्या रांगेतून भवानीबाई उठून उभी होती, पदर खोचलेला, डोळे लाल.

"अगं, तू?" मास्तर म्हणाले.

"अहो, तुम्ही?" भवानीबाई म्हणाली.

चिंटू माळ खात राहिला. मग अक्का खुर्चीत मागे रेलून अशी हसली की शेजारणीला तिची छत्री धरावी लागली. "हिने मला बारा हजार देऊन सांगितलं, थांबू नका! मला काय ठाऊक समोर कोण आहे!" विक्रमसिंह मांडीवर थाप मारून म्हणाला, "वाह काकासाब! अपने ही घर की बोली, अपने ही घर ने काटी!"

टेबलावर पैसे आले. अक्काकडे दिलेल्या भवानीबाईच्या रुमालात अंड्यांचे आणि पेरूंचे साठवलेले बारा हजार. "आधी दशांश काढलेले आहेत," तिने पाळकांना बजावलं. खंडोजीने मास्तरांची गड्डी शेजारी ठेवली, आणि भवानीबाईचं लक्ष दोऱ्याकडे गेलं.

"हा तर माझ्या गोधडीचा दोरा," ती हळूच म्हणाली. मग मास्तरांकडे बघून आणखी हळू, "कंपासपेटीतले ना?"

मास्तर सोयाबीनच्या पोत्यावर बसले.

"तुम्ही धारला पडून होता तेव्हा मी घर झाडायला इकडे यायची. वाळवी बघायला ट्रंक उघडली. जुन्या नोटा, आणि मुदत संपत आलेली. तीन दिवस बँकेच्या रांगेत उभी राहिले, माझ्या खात्यात भरल्या. मग मिळतील तशा नव्या काढल्या आणि ठेवून दिल्या."

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या कष्टाने लपवलं होतं," भवानीबाई म्हणाली. "मी कशाला बोलू?"

 नऊ वर्षं ज्याच्या जोरावर मास्तर उभे होते तो चमत्कार त्यांच्यासमोर नऊवारी नेसून उभा होता आणि पदराने डोळे पुसत होता. त्यांना लाज वाटली. मग ते उठले, कारण कितीही झालं तरी मास्तरच.

"मंडळी," ते म्हणाले, "हे अठरा हजार मी देवापासून लपवले होते. आणि दहावा सोडवायचा नसतो हे माहीत असून मी बोली लावली. नियम असा, की बदललं तर दोन्ही देवाचं. हे पैसेही देवाचे, आणि चिंटूही देवाचा. आम्हाला तो घरी नेता येणार नाही."

भवानीबाईचा हात चिंटूच्या पाठीवर होता. तो तिने काढला नाही, पण मान खाली घातली. 

"सर," पाळक अजेय डोकं खाजवत म्हणाले, "दोनों परमेश्वर के, ये तो ठीक है. पर रखेगा कौन? मी तर दुसऱ्या मजल्यावर राहतो."

"माझ्याकडे नको," खंडोजी घाईने म्हणाला. "मी लावलेला सगळा पालक खाऊन टाकेल."

"मेरे यहाँ भेज दो," विक्रमसिंह म्हणाला, आणि बायकांनी एकदम असा गलका केला की तो स्वतःच दचकला.

अक्काने छत्री जमिनीवर आपटली. "देव काय स्वतः चारा घालायला येणार आहे का? त्याच्या मालाला तो कारभारी नेमतो. उमाशंकर, बोकड देवाचा. विकायचा नाही, कापायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. सांभाळायचा. नेमलं तुम्हा दोघांना!"

"पण अक्का, घरी नेला म्हणजे तो माझाच झाल्यासारखा..."

"तो फिर सर," पाळक अजेयनी अगदी सहज विचारलं, वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा विचारतो तसं, "बाकी के नौ किसके हैं?"

 छत्तीस वर्षं मास्तरांनी पोरांना प्रश्न विचारले होते. उत्तर न येणाऱ्याला उभं करत. आता ते स्वतः उभे होते. ती नऊ पिल्लं, पेन्शनचे नऊ हिस्से, डब्यातल्या नऊ करंज्या, इतकी वर्षं ते सगळं आपलं म्हणून ते निवांत झोपत आले होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "विचार करून सांगतो."

परतीच्या ऑटोत चिंटू मधे बसला. बाळगडचं वळण आलं. मग मास्तरांनी घसा खाकरला आणि सगळं सांगितलं: कुबडी, पेटी, कोऱ्या नोटा, गुडघे टेकणं, देवदूताचा दोरा. भवानीबाई आधी ओठ दाबून ऐकत राहिली, मग इतकी हसली की ऑटोवाल्याने आरसा नीट करून मागे बघितलं.

"म्हणजे चमत्कार नव्हताच," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

"नव्हता कसा? अठरा हजार हातात आले, तुमच्या बायकोने त्यातला रुपया न काढता परत ठेवले, आणि नऊ वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नाही. आणखी कसला चमत्कार हवा तुम्हाला?"

मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मनावरचं ओझं उतरलं की माणूस उदार होतो. ते म्हणाले, "बरं, तुझे बारा आणि माझे अठरा, एकवीस गेले. उरलेले नऊ हजार तूच ठेव. मला आता लपवायला नकोत."

"ते नाहीत."

"म्हणजे?"

"निघताना स्वप्नालीच्या हातात दिले. फी भरली गेली, पण होस्टेल आहे, गणवेश आहे, बूट आहेत. कोण देणार ते?"

"नऊच्या नऊ? मला न विचारता?"

भवानीबाईने चिंटूच्या तोंडातून मास्तरांच्या सदऱ्याची बाही सोडवली. "तुम्हाला पाळकांनी गणित घातलंय ना? तुम्ही विचार करा सावकाश. मला सुटलं, मी देऊन टाकले."

 घर आलं तेव्हा मास्तर आधी उतरले, चिंटूला उचलून खाली ठेवलं, आणि मग बायकोला उतरायला हात दिला.